पन्नास वर्षं बनत राहिलेलं जेट : हॉकर ८०० समजून घेताना

१९६२ साली ज्या इंजिनांच्या जोरावर हे विमान पहिल्यांदा हवेत गेलं, त्यांचा मूळ आराखडा टाकाऊ इंजिनाचा होता. व्हायपर हे छोटं ब्रिटिश टर्बोजेट जिंडिविक नावाच्या वैमानिकरहित ऑस्ट्रेलियन विमानासाठी तयार झालं. जिंडिविकचं काम एकच : नेमबाजीच्या आणि क्षेपणास्त्रांच्या सरावासाठी आकाशात लक्ष्य म्हणून फिरायचं. जे विमान पाडण्यासाठीच उडवायचं, त्याचं इंजिन हजारो तास टिकवून करायचं काय? म्हणून ते स्वस्त, साधं आणि थोडेच तास चालेल इतपत बनवलं गेलं. पुढे त्याची दणकट, दीर्घायुषी आवृत्ती निघाली, ती ब्रिटिश हवाई दलाच्या प्रशिक्षण विमानांत बसली, आणि तिथून कंपन्यांच्या संचालकांना घेऊन फिरणाऱ्या एका नव्या विमानाच्या शेपटीजवळ येऊन पोचली.

ते विमान म्हणजे डीएच १२५. आज जगभरातले वैमानिक आणि मेकॅनिक त्याला ‘हॉकर’ म्हणून ओळखतात, आणि त्याची सर्वांत गाजलेली आवृत्ती म्हणजे हॉकर ८००. मध्यम आकाराचं बिझनेस जेट म्हणजे नेमकं काय, ते बनवताना कशाच्या बदल्यात काय सोडावं लागतं, हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी दिसत नाही. ते सर्वांत वेगवान कधीच नव्हतं, सर्वांत देखणंही नव्हतं. तरी १९६२ पासून २०१३ पर्यंत त्याचं उत्पादन चालू राहिलं आणि सोळाशेहून अधिक विमानं बनली. त्याच्या पहिल्या आराखड्यात पुढच्या बदलांना वाव राहिला होता, हे त्याचं मुख्य कारण असं माझं मत आहे.

आधी नावांचा गुंता सोडवू. विमान आखलं डी हॅविलंड या कंपनीनं. त्यांच्या ‘डव्ह’ या पिस्टन इंजिनांच्या छोट्या प्रवासी विमानाची जागा घेईल असं जेट त्यांना हवं होतं. सुरुवातीला नाव होतं ‘जेट ड्रॅगन’. ते टिकलं नाही, १२५ हा आकडा टिकला. पहिलं उड्डाण १३ ऑगस्ट १९६२ रोजी हॅटफील्डहून झालं. डी हॅविलंड तोवर हॉकर सिडली समूहाच्या ताब्यात गेलेली होती, म्हणून लवकरच डीएच १२५ चं एचएस १२५ झालं. १९७७ मध्ये ब्रिटिश सरकारनं विमान कंपन्या एकत्र करून ब्रिटिश एरोस्पेस उभी केली, तेव्हा ते बीएई १२५ झालं. १९९३ मध्ये अमेरिकेच्या रेथिऑननं हा सगळा विभाग विकत घेतला आणि विमानाला ‘हॉकर’ हे नाव दिलं. गंमत अशी की दुसऱ्या महायुद्धात हरिकेन बनवणाऱ्या मूळ हॉकर कंपनीच्या अभियंत्यांचा या विमानाच्या आराखड्याशी काही संबंध नव्हता.

मध्यम म्हणजे किती?

बिझनेस जेटांची वर्गवारी कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही. ती बाजारानं पाडलेली आहे. हलकं जेट चार-सहा माणसांना दोन-तीन तासांच्या अंतरावर नेतं. मोठं जेट डझनभर माणसांना घेऊन महासागर ओलांडतं. मधल्या वर्गाची व्यवहारातली कसोटी अमेरिकेत ठरली, कारण गिऱ्हाइकं बहुतेक तिथलीच होती : सात-आठ प्रवासी घेऊन, न थांबता, पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर पोचता आलं पाहिजे. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हे अंतर साधारण चार हजार किलोमीटर. पण वरच्या थरांतले वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पश्चिमेला जाताना विमान समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झगडत असतं आणि हिवाळ्यात हा वारा ताशी दीड-दोनशे किलोमीटरचा सहज असतो. म्हणजे जमिनीवर चार हजार किलोमीटर कापायला हवेत त्याहून बरंच जास्त उडावं लागतं. वर नियम असा की मुक्कामाला पोचून इंधन संपलं, हे चालत नाही. तिथं उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याइतकं, आणि त्यानंतरही अर्धा-पाऊण तास घिरट्या घालण्याइतकं इंधन शिल्लक हवं.

आता वजनाचं गणित पाहू, कारण सगळी भानगड तिथंच आहे. हॉकर ८००एक्सपी या आवृत्तीचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन सुमारे १२.७ टन. दोन वैमानिक आणि नेहमीचं सामान धरून रिकामं विमान साधारण साडेसात टनांचं. टाक्या भरल्या की साडेचार टन इंधन. उरले सातशे किलोच्या आसपास, म्हणजे बॅगांसकट सात-आठ माणसं. टाक्याही भरायच्या आणि माणसंही बसवायची, हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण अनेक जेटांना ते जमत नाही. जाहिरातीत आठ खुर्च्या दाखवतात आणि भला मोठा पल्लाही सांगतात. दोन्ही एकाच उड्डाणात मिळतील, असं मात्र म्हणत नाहीत. पूर्ण इंधन घेतलं तर चारच माणसं, आठ माणसं घेतली तर मधे एक थांबा. हॉकर जवळपास दोन्ही देत असे. सुमारे ४,६०० किलोमीटरचा पल्ला आणि त्यात माणसांची फार कपात नाही, हे त्याचं खरं बलस्थान. अटलांटिक ओलांडायचा तर मात्र आइसलंडला किंवा न्यूफाउंडलंडमधल्या गँडरला उतरून इंधन घ्यावंच लागे. ते काम त्याचं नव्हतंच.

मग पल्ला आणखी का वाढवायचा नाही? जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, जास्त वजन म्हणजे मोठा पंख किंवा लांब धावपट्टी, मोठा पंख म्हणजे जास्त हवेचा रोध, आणि तो रोध भेदायला पुन्हा जास्त इंधन. हे चक्र कुठेतरी थांबवावं लागतं. हॉकरनं ते अशा ठिकाणी थांबवलं की पूर्ण भरलेलं विमान समुद्रसपाटीवर सुमारे १,५०० मीटरच्या धावपट्टीवरून उडू शकेल. एवढ्या धावपट्ट्या लहान शहरांतही असतात, आणि लहान शहरात थेट उतरता येणं हेच तर खासगी जेट घेण्याचं निम्मं कारण.

पंखावर बसवलेलं धड

हॉकर बाजूनं पाहिलं तर ते जरा बेढब वाटतं. पोटाखाली मोठा फुगवटा आहे, जणू धड पंखावर नुसतं ठेवलंय. खरोखरच तसं आहे. विमानाचे दोन पंख दोन वेगळे तुकडे वाटतात, पण आत ती एकच सलग रचना असते आणि तिला धडाच्या एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडावं लागतं. छोट्या विमानात ही रचना धडातून गेली की केबिनची जागा खाते. डी हॅविलंडनं पंख अखंड ठेवला आणि धडाच्या खालून नेला. धडाची गोल नळी न कापता सलग राहिली.

याचे दोन फायदे झाले. एक म्हणजे केबिनची उंची. सुमारे १.७५ मीटर उंच, १.८ मीटर रुंद आणि साडेसहा मीटर लांब अशी ही जागा १९६० च्या दशकातल्या छोट्या जेटांच्या मानानं चैनीची होती. लिअरजेटच्या सुरुवातीच्या विमानांत प्रवाशाला वाकूनच आत सरकावं लागे. दुसरा फायदा टिकाऊपणाचा. उंचावर केबिनमधली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त दाबाखाली असते आणि प्रत्येक उड्डाणात धड एकदा फुगतं, एकदा आक्रसतं. धातूला पडणारा हा थकवा किती घातक ठरतो, हे डी हॅविलंडइतकं कुणाला ठाऊक नव्हतं : १९५४ मध्ये त्यांची दोन कॉमेट विमानं याच कारणानं हवेत फुटली होती. त्यानंतर या कंपनीचे अभियंते धडाला भोकं पाडताना दहादा विचार करत असतील, तर नवल नाही.

किंमत काय मोजली? तो फुगवटा. त्यामुळे हवेचा रोध वाढतो आणि वेगाला मर्यादा येते. पंख मागे कललेलाही माफकच, साधारण २० अंश. जास्त कललेला पंख वेगात बरा, पण उतरताना कमी वेगावर नखरे करतो. डी हॅविलंडनं वेगाऐवजी सुखरूप उतरणं निवडलं. ध्वनीच्या वेगाच्या ८० टक्के हीच या विमानाची वरची सीमा; नंतर आलेलं सायटेशन टेन हे जेट ध्वनीच्या वेगाच्या ९० टक्क्यांपुढे जात असे. पण दोन-अडीच तासांच्या प्रवासात या फरकानं वाचतात फारतर पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यासाठी किती इंधन जाळायचं, हा प्रश्न बहुतेक कंपन्यांचे हिशेबनीस मालकाच्या आधी विचारतात.

इंजिन बदललं आणि विमान नवं झालं

व्हायपर इंजिनांनी १२५ ला बाजारात आणलं खरं, पण ती दोन बाबतींत बदनाम होती : आवाज आणि भूक. कारण टर्बोजेटच्या कामाच्या पद्धतीतच आहे.

जेट इंजिन हवा मागे फेकतं आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान पुढे जातं. हा रेटा दोन प्रकारे मिळवता येतो : थोडी हवा खूप वेगानं फेका, किंवा खूप हवा थोड्या वेगानं. रेटा ठरतो हवेचं वस्तुमान गुणिले वेग यावर. पण त्यासाठी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दुप्पट हवा निम्म्या वेगानं फेकली तर रेटा तेवढाच मिळतो आणि ऊर्जा निम्मी लागते. टर्बोजेट पहिला, खर्चिक मार्ग घेतं. टर्बोफॅनमध्ये पुढे एक मोठा पंखा असतो. तो बरीचशी हवा ज्वलनकक्षात न पाठवता बाहेरच्या बाजूनं मागे ढकलतो. वेगवान, गरम झोताभोवती ही मंद हवा असल्यानं आवाजही घटतो.

लहान जेटांसाठी योग्य टर्बोफॅन मिळाला तो अमेरिकेतल्या फिनिक्सच्या गॅरेट कंपनीकडून. टीएफई ७३१ हे ते इंजिन. त्याचा गाभा डीसी-१० या मोठ्या प्रवासी विमानाच्या शेपटीत बसणाऱ्या, जमिनीवर वीज आणि हवा पुरवणाऱ्या छोट्या टर्बाइनवरून घेतला होता. त्यातली खरी युक्ती गिअरची. इंजिनातली टर्बाइन भरधाव फिरली तरच कार्यक्षम राहते, मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे. पुढचा पंखा तेवढ्या वेगानं फिरवला तर त्याच्या पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगापलीकडे फारच पुढे जातील. गॅरेटनं दोघांच्या मधे गिअर बसवला : टर्बाइन आपल्या वेगानं फिरते, पंखा जवळपास निम्म्या. २०१६ मध्ये एअरबस ए३२०निओ गिअरवाली इंजिनं घेऊन सेवेत आलं तेव्हा त्याचा केवढा गाजावाजा झाला. टीएफई ७३१ ला प्रमाणपत्र मिळालं होतं १९७२ मध्ये!

१९७६ मध्ये ही इंजिनं लावलेलं १२५-७०० उडालं. रेटा आधीच्या व्हायपरइतकाच, प्रत्येकी सुमारे ३,७०० पौंड. पण इंधनाचा खप इतका खाली आला की धड तेच असूनही पल्ला भरपूर वाढला. कागदावर हा निव्वळ इंजिनबदल, प्रत्यक्षात विमानाची इयत्ताच बदलली : शेजारच्या देशात नेणारं जेट आता खंड ओलांडायच्या बेतात आलं. कित्येक मालकांनी आपल्या जुन्या विमानांची व्हायपर काढून तिथं टीएफई ७३१ बसवून घेतली. इंजिनं धडाच्या मागे, बाहेरून जोडलेली असल्यानं हे शक्य झालं. ती पंखाच्या मुळात गाडलेली असती, तर असा बदल करणं म्हणजे विमान नव्यानं आखणंच ठरलं असतं.

व्हायपरवाल्या जुन्या विमानांचा निकाल पुढे कायद्यानंही लावला. २०१२ च्या अमेरिकी कायद्यानुसार आवाजाची नवी मर्यादा न पाळणाऱ्या छोट्या जेटांना ३१ डिसेंबर २०१५ नंतर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर उडायला मनाई झाली.

८०० मध्ये नेमकं काय नवं होतं

२६ मे १९८३ रोजी १२५-८०० चं पहिलं उड्डाण झालं. पंखांची टोकं लांबवली आणि पंखांचा विस्तार १५.६६ मीटर झाला. लांब, अरुंद पंख तेवढंच वजन कमी रोधात उचलतो, शिवाय त्यात इंधनही जास्त मावतं. कॉकपिटच्या सपाट काचांच्या जागी वक्र काच आली. विमानाचं नाक गुळगुळीत झालं आणि वाऱ्याचा आवाज कमी झाला. इंजिनांचा रेटा प्रत्येकी ४,३०० पौंडांवर गेला. काट्यांच्या घड्याळांऐवजी चित्रनळीचे पडदे बसले, जे त्या काळात मोठ्या प्रवासी विमानांतही नवेच होते.

विमान ४१,००० फुटांपर्यंत चढू शकत असे. तिथं हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम एक चतुर्थांश, म्हणून रोध कमी. बहुतेक प्रवासी विमानांची गर्दी आणि बरंचसं खराब हवामानही त्याच्या खाली राहतं. मात्र टाक्या भरलेलं जड विमान थेट तिथं जाऊ शकत नाही. इंधन जळून वजन उतरेल तसं टप्प्याटप्प्यानं वर सरकावं लागतं.

एक गोष्ट मात्र मुद्दाम जुनीच ठेवली. सुकाणू आणि विमानाला कलवणारे, वर-खाली नेणारे हलते भाग वैमानिकाच्या हाता-पायांच्या जोरावर, तारा आणि दांड्यांनी हलतात. मधे हायड्रॉलिक नाही, संगणक नाही. बिघडण्यासारखं कमी, आणि हवेचा दाब थेट हाताला जाणवतो.

बर्फाशी सामना

माझ्या मते या विमानाची सर्वांत वेगळी गोष्ट म्हणजे त्याची बर्फविरोधी व्यवस्था. ढगांतल्या गोठणबिंदूखालच्या पाण्याच्या थेंबांना पंखाची कड लागली की ते लगेच बर्फ होतात. या बर्फाचं वजन ही किरकोळ बाब. खरा धोका पंखाचा आकार बिघडण्यात आहे. कडेवर खडबडीत थर साचला की पंखाची उचलण्याची ताकद घटते, आणि वैमानिकाच्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त वेगावर विमान कोसळू लागतं.

बहुतेक जेटांत इंजिनातली गरम हवा काढून पंखाच्या कडेतून फिरवतात. उपाय चांगला, पण ती हवा इंजिनाची असते. काढली तेवढा रेटा कमी. लहान इंजिनांना हा कर जड जातो. १२५ नं वेगळी वाट धरली. पंखांच्या आणि आडव्या शेपटीच्या पुढच्या कडांवर अतिसूक्ष्म छिद्रांचे धातूचे पत्रे आहेत आणि घाम फुटावा तसं त्यांतून ग्लायकॉलयुक्त द्रव झिरपतं. ते पाण्याशी मिसळतं, मिश्रणाचा गोठणबिंदू खाली जातो आणि वाऱ्याच्या झोतानं ते पंखावरून मागे पसरत जातं, त्यामुळे मागच्या भागालाही थोडं संरक्षण मिळतं. या पद्धतीला टीकेएस म्हणतात. तेकालेमिट, किलफ्रॉस्ट आणि शीपब्रिज स्टोक्स या तीन ब्रिटिश कंपन्यांची ही आद्याक्षरं.

तोटाही उघड आहे. द्रव टाकीतून येतं आणि टाकी संपते. तास-दीड तासाचा साठा घेऊन निघालेल्या वैमानिकाला बर्फाच्या ढगात किती वेळ काढायचा, याचा हिशेब ठेवावाच लागतो. शिवाय ही व्यवस्था ढगात शिरण्याआधी सुरू करायची असते, कारण छिद्रं भिजून द्रवाचा थर बसायला वेळ लागतो. आणि हो, विमान हँगरमध्ये उभं असतानाही ते द्रव अधूनमधून ठिबकतं. हॉकरखालची फरशी चिकट का, हे नव्या मेकॅनिकला पहिल्याच आठवड्यात कळतं.

एक इंजिन गेलं तर

दोन इंजिनांचं विमान धावपट्टीवर वेगात असताना एक इंजिन बंद पडलं की चालू इंजिन विमानाचं नाक बंद इंजिनाच्या बाजूला वळवतं. वैमानिकाला क्षणात सुकाणूच्या पेडलवर जोर द्यावा लागतो आणि घाबरलेला माणूस चुकीचा पाय दाबू शकतो. हॉकरमध्ये यावर जुन्या वळणाचा, पण हुशार उपाय आहे. दोन्ही इंजिनांतून थोडी दाबाची हवा सुकाणूला जोडलेल्या एका यंत्रणेत येते. दोन्हीकडचा दाब सारखा असेल तोवर काही होत नाही. एक इंजिन गेलं की त्या बाजूचा दाब पडतो, दुसऱ्या बाजूची हवा जिंकते आणि सुकाणू आपोआप योग्य बाजूला ढकललं जातं. ज्या बिघाडावर उपाय हवा, तो बिघाडच उपाय सुरू करतो. वैमानिकाला बाकीचा जोर द्यावा लागतो, पण दिशा चुकत नाही.

शेपटीजवळ, धडाबाहेर टांगलेल्या इंजिनांची सर्वांत विलक्षण परीक्षा ७ ऑगस्ट १९८८ रोजी झाली. बोत्स्वानाचे राष्ट्राध्यक्ष क्वेट मासिरे यांना घेऊन एक बीएई १२५ लुआंडाकडे निघालं होतं. अंगोलाच्या मिग-२३ विमानानं त्यावर क्षेपणास्त्रं सोडली. पहिलं उजव्या इंजिनावर आदळलं आणि ते इंजिन तुटून खाली पडू लागलं. दुसरं क्षेपणास्त्र उष्णतेचा माग काढत आलं आणि विमान सोडून त्या पडत्या इंजिनावर जाऊन आदळलं! राष्ट्राध्यक्ष जखमी झाले. वैमानिकांनी उरलेल्या एका इंजिनावर विमान कुइतो बिए इथं उतरवलं. नशीब होतंच. पण इंधन पंखांत आणि इंजिनं त्यापासून दूर, शेपटीच्या बाजूला, ही मांडणीही तितकीच कामी आली.

उतरताना विमान थांबवण्यासाठी हॉकरकडे ‘लिफ्ट डंप’ नावाची सोय आहे. चाकं टेकली की एका तरफेनं पंखांवरचे हवाई ब्रेक पूर्ण उघडतात आणि पंखांच्या मागच्या कडेची झडपांसारखी पाती, म्हणजे फ्लॅप, जवळजवळ उभेच, ७५ अंशांपर्यंत खाली येतात. पंखाची उचल संपते, सगळं वजन चाकांवर येतं आणि ब्रेक नीट लागतात. हवेत मात्र ही तरफ कदापि ओढायची नाही. जमिनीवर ती ओढायला उशीर झाला तर काय होतं, याचं दुःखद उदाहरण म्हणजे २००८ चा अमेरिकेतल्या ओवाटोना इथला अपघात. हॉकर ८०० टेकल्यावर लिफ्ट डंप वेळेत पूर्ण उघडलं गेलं नाही, आणि धावपट्टी संपत आली असताना पुन्हा उडण्याचा प्रयत्न झाला. विमानातले आठही जण गेले. चौकशीत मुख्य ठपका त्या उशिराच्या निर्णयावर आला. यंत्रणा कितीही चांगली असली तरी ती पहिल्या दोन-तीन सेकंदांत वापरावी लागते.

विक्री, दिवाळं आणि एक महागडं स्वप्न

१२५ चा खरा बाजार पहिल्यापासून अमेरिकेत होता, इतका की आवृत्तीच्या आकड्यापुढे ए असेल तर अमेरिकेसाठी आणि बी असेल तर बाकी जगासाठी, अशी पद्धतच होती. १९७० च्या सुमारास बीचक्राफ्ट ही अमेरिकी कंपनी ही विमानं ‘बीचक्राफ्ट हॉकर’ म्हणून विकत होती. तो करार काही वर्षांत मोडला. पुढे रेथिऑननं बीचक्राफ्ट घेतली आणि १९९३ मध्ये सुमारे २५ कोटी पौंड मोजून १२५ चा विभागही घेतला. मोडलेला संसार असा परत जुळला. वेल्समधल्या ब्रॉटनहून अंतिम जोडणीचं काम कॅन्ससमधल्या विचिटाला गेलं. १९९५ मध्ये जास्त ताकदीचं ८००एक्सपी आलं आणि तेच या घराण्याचं सर्वांत लोकप्रिय अपत्य ठरलं. नंतर पंखांच्या टोकांना वर वळलेली विंगलेट लावून ८५०एक्सपी, आणखी सुधारलेली इंजिनं लावून ९००एक्सपी निघालं.

पण त्याच काळात रेथिऑननं एक नवीकोरी उडी मारली. १९९६ मध्ये जाहीर झालेलं होरायझन, म्हणजे पुढचं हॉकर ४०००. धड कार्बन तंतूंच्या संमिश्राचं, जास्त हलकं आणि आतून जास्त ऐसपैस. ते २००१ मध्ये उडालं आणि ग्राहकांच्या हाती पडायला २००८ उजाडलं. कल्पना उत्तम होती, पण नवं साहित्य, नव्या यंत्रणा आणि त्यांची प्रमाणपत्रं यांत सात वर्षं गेली. तोवर स्पर्धक पुढे गेले होते आणि विमान बाजारात आलं ते नेमकं जागतिक मंदीच्या तोंडावर. दरम्यान २००७ मध्ये रेथिऑननं हा सगळा व्यवसाय ३.३ अब्ज डॉलरना गुंतवणूकदारांना विकला होता, त्यातून हॉकर बीचक्राफ्ट कंपनी झाली. सौदा मोठ्या कर्जावर उभा होता. मंदीत जेटांची मागणी आटली, आणि मे २०१२ मध्ये कंपनीनं न्यायालयात दिवाळखोरी जाहीर केली. २०१३ च्या सुरुवातीला ती बाहेर आली ती नुसती ‘बीचक्राफ्ट’ म्हणून, जेटांचं उत्पादन सोडून देऊन. हॉकर ४००० सोबत १२५ चीही ओळ तिथं संपली.

८०० मालिका तेव्हा विकली जात नव्हती असं नाही. पण अर्धशतकापूर्वीचा आराखडा हातानं जोडायला लागणारे मनुष्यतास काही कमी होत नव्हते, आणि नव्या स्पर्धकांचे सुटे भाग संगणकावर आखून, यंत्रांवर कापून तयार होऊ लागले होते. आराखड्यातला वाव इंजिनं आणि पंखांपुरता होता. कारखान्याच्या पद्धतीपर्यंत तो पोचत नव्हता.

२०१४ मध्ये सायटेशन जेटं बनवणाऱ्या सेसनाच्या मालक टेक्स्ट्रॉननं बीचक्राफ्ट विकत घेतली आणि उडत असलेल्या हॉकरांची देखभालही त्यांच्याकडे आली. वर्षभरानं, २०१५ मध्ये, त्यांनी विचिटामध्ये बनवलेलं सायटेशन लॅटिट्यूड सेवेत आणलं : आठ-नऊ प्रवासी, सुमारे पाच हजार किलोमीटरचा पल्ला, १.८३ मीटर उंचीची सपाट फरशीची केबिन, आणि वेग पुन्हा एकदा ध्वनीच्या ८० टक्क्यांवरच थांबलेला.